प्रेझेंट सर
सतरा वर्षं फौजेत काढून सदतिसाव्या वर्षी बीएच्या वर्गात पाऊल टाकलं, तर अख्खा वर्ग ताडकन उभा. "गुड मॉर्निंग सर!" मीही सवयीनं "विश्राम!" म्हणून गेलो. मग शेवटच्या बाकावर जाऊन बसलो, तेव्हा जो हशा पिकला तो खरे सर येईपर्यंत थांबला नाही.

लेक्चर आठचं. फौजेत आठ म्हणजे पावणेआठ. त्या वेळी वर्गात मी आणि झाडूवाल्या मावशी. "काका, जरा पाय वर घ्या." मुलं आठ-दहाला येतात, सर आठ-वीसला. याचा जाब विचारायला कुणी सुभेदार असेल म्हणून आठवडाभर शोधला.

पलटणीत आपलेपणा शोधावा लागत नाही. डावीकडे कोण, उजवीकडे कोण, सगळं ठरलेलं. इथे कॅन्टीनमध्ये कुठे बसायचं याचा हुकूमच निघत नाही. मी आपली भिंतीला पाठ आणि समोर दार अशी जागा धरली. पोरांनी त्या टेबलाचं नाव ठेवलं 'चेकपोस्ट'.

एका पोरानं तिथेच विचारलं, "काका, तुम्ही कुणाला मारलंय का हो?"

"अजून नाही," म्हटलं, "पण आपलं ग्रुप प्रोजेक्ट संपायचंय."

इतिहासाच्या पुस्तकात मात्र मला माझी माणसं भेटली. अमेरिकेत १९४४च्या जीआय बिल नावाच्या कायद्यानं युद्धावरून परतणाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलला. शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स यांना धास्ती, की कॉलेजं भटक्यांचे अड्डे होणार. १९४७ साली अमेरिकेतल्या कॉलेजांत नाव घातलेल्यांत जवळजवळ निम्मे माजी सैनिक! काका कोण कुणाला म्हणणार? इथे सगळं काकापण एकट्या माझ्या डोक्यावर.

प्रोजेक्टसाठी मी ड्यूटीचा तक्ता लावला, रात्री दहाला रिपोर्ट मागितला. पोरं कुरकुरली, पण काम वेळेआधी झालं. त्यानंतर चेकपोस्टवर खुर्च्या कमी पडू लागल्या.

आणि परवा, आयुष्यात पहिल्यांदा, मला उशीर झाला. धापा टाकत दाराशी पोचलो तर हजेरी चालू. माझं नाव पुकारलं गेलं आणि मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला, "प्रेझेंट सर!" पलटणीत असा आवाज काढणाऱ्याची काय गत झाली असती, ते सांगत नाही. माझा ऊर भरून आला.

तेवढ्यात सरांनी दाराकडे पाहिलं. "कोण आपण?"

मी सावधानमध्ये उभा. नाव सांगावं, तर ते आत हजर होतं.