होडी गेली नाही त्या दिवसांचा पंचनामा

काल संध्याकाळी देवगडवरून दादाचा फोन आला, पहिलंच वाक्य, "आज पण होडी काढूक नाय गे बाय, वारो मोठो सुटलो हा." सलग चौथा दिवस. मी इकडे चंद्रपूरला शाळेतून येऊन डोक्यावर ओला टॉवेल टाकून बसलेले, कूलर अजून माळ्यावरच, कारण मार्चचा दुसराच आठवडा चालू आहे आणि कूलर आम्ही एप्रिलात काढतो. त्याच दिवशी शेवटच्या तासाला माझ्या वर्गातली सातवीची एक पोरगी बाकावरच आडवी झाली. ताप नाही, खोकला नाही, सरळ ऊन लागलेलं. तिची आई न्यायला आली ती पहाटे मोहफुलं वेचून तशीच आलेली, पदराने घाम पुसत म्हणाली, मॅडम, सकाळपासून पाणीच नाही पेली ही.

लग्न होऊन चौदा वर्षं झाली मला इकडे येऊन. माहेर समुद्रावर, सासर महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये रस्त्याने हजारेक किलोमीटर. आधी मला वाटायचं की दादाचा वारा आणि माझं ऊन हे दोन वेगळे विषय आहेत. आता तसं वाटत नाही, आणि ते का वाटत नाही हे आज लिहायचंच असं ठरवून बसलेय, मोठं होईल, वेळ असेल तर वाचा.

शाळेत आपण सगळेच शिकलोय, खारे वारे आणि मतलई वारे. जमीन लवकर तापते, पाणी सावकाश तापतं, जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा भरायला समुद्रावरून वारं आत येतं. मी हे दरवर्षी फळ्यावर बाण काढून शिकवते. पण फळ्यावर एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे हा फरक सगळ्यात जास्त कधी असतो. उन्हाळ्याच्या सुरुवातीला! जमीन तापायला लागलेली असते आणि समुद्र अजून हिवाळ्यातनं पुरता बाहेर आलेला नसतो. म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल दुपार कलली की आमच्या देवगडाकडे वायव्येकडनं वारं भरून येतं, त्यात हवेच्या दाबाचा फरक पण त्याच दिशेने असला तर मग संध्याकाळपर्यंत समुद्र पांढरा दिसतो. चंद्रपूरच्या उन्हाने देवगडला वारा सुटतो असं मी म्हणत नाहीये, तेवढा भूगोल मला कळतो, मध्ये सह्याद्री आहे. पण जमीन लवकर तापायला लागली की दोन्ही टोकांना माणसाचं काम त्याच महिन्यात थांबतं, एकीकडे उन्हाने, दुसरीकडे वाऱ्याने.

आणि हेच वारं वेळेवर आलं नाही तरी हाल. २०२५ च्या फेब्रुवारीत, हो फेब्रुवारीत, मुंबईला उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला, सांताक्रूझचा पारा ३८ च्या वर गेला. जमिनीवरनं येणारं पूर्वेचं वारं जोरात असतं तेव्हा समुद्राचं वारं अडतं, एरवी दुपारी बारा-एकला सुटणारं ते दोन-तीनला सुटतं आणि तोवर किनारा भाजून निघतो. म्हणजे वारं हवंच आहे, मी वाऱ्याच्या विरोधात नाही. आई तर म्हणायचीच की खारं वारं लागल्याशिवाय दुपारची झोप येत नाही.

पण दादाची होडी लहान आहे. तो आणि दोन खलाशी. हवामान खात्याचं "ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने वारे, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये" हे मोबाईलवर आलं की विषय संपतो, आणि इशारा नसला तरी वारं बघून तो स्वतःच जात नाही कारण जाळं टाकलं तर ते ओढून काढता येत नाही, डिझेल जळतं आणि हातात काही येत नाही. लोकांना वाटतं नाही गेला तर आराम झाला. अहो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्याच्या आधीचे हे तीन महिने म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे दिवस. त्यातला एकेक दिवस वाऱ्याने खाल्ला तर तो परत मिळत नाही. खलाशांना मात्र जेवायला घालायलाच लागतं.

घराच्या वरच्या कातळावर आमची थोडी हापूसची कलमं आहेत, त्यांचंही तेच. मार्चमध्ये फळ वाटाण्याएवढं, सुपारीएवढं असतं, तेव्हा वारं लागलं की सकाळी झाडाखाली सडा पडलेला असतो, आणि ते पडलेलं कॅनिंगलाही चालत नाही. जे टिकतं ते फांदीवर घासतं, सालीवर डाग पडतो, आणि डाग पडला की वाशीच्या बाजारात त्याची किंमत वेगळी. वर ऊन वाढलं की उन्हाच्या बाजूचं फळ भाजतं, आतून साका होतो, वरून चांगलं दिसणारं फळ कापल्यावर पांढरट निघतं आणि गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तोंड फिरवतं. मी लहान असताना बाबा कलमाखाली उभं राहून वर बघत बसायचे, काही करता येण्यासारखं नसायचं, नुसते बघायचे.

विमा आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा, त्यात आंब्याला अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान, वेगाचा वारा असं सगळं धरलेलं आहे आणि ती कल्पना चांगलीच आहे. पण नुकसान ठरतं ते महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर, झाडाखालच्या सड्यावर नाही. केंद्र आत वस्तीत आणि कलमं समुद्रासमोर कड्यावर, तर दोघांना एकच वारं कसं लागेल? आणि होडी न गेलेल्या दिवसांना तर तेवढंही नाही.

तौक्ते वादळ आलं तेव्हा, २०२१ च्या मे महिन्यात, त्याआधी २०२० ला निसर्ग, तेव्हा अधिकारी आले, फोटो काढले, पंचनामे झाले, कमी का होईना पैसे आले. ते व्हायलाच पाहिजे होतं. पण त्याच घरातनं मार्च-एप्रिलमध्ये वाऱ्याने थोडंथोडं करून जेवढं जातं ते कुठल्याच कागदावर येत नाही. आपल्याकडे नुकसान एका रात्रीत झालं तरच ते नुकसान. रोज थोडं झालं तर त्याला हवामान म्हणतात, आणि हवामानाची भरपाई नसते.

उन्हाचं तर याहून वाईट आहे. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२१ ते २०२६, राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत मिळायला पात्र अशा केंद्राच्या यादीत १२ आपत्ती होत्या, पूर, दुष्काळ, चक्रीवादळ, गारपीट, भूकंप वगैरे, आणि त्यात थंडीची लाट होती पण उष्णतेची लाट नव्हती. मी हे दोनदा वाचलं. राज्यं आपल्या निधीतला १० टक्क्यांपर्यंतचा भाग स्थानिक आपत्तीसाठी वापरू शकतात, पण ते ज्या त्या राज्यावर. विदर्भातल्या माणसाला हे कसं समजावून सांगायचं? इथे मे महिन्यात ४५, ४६, ४७ बघितलेली माणसं आहेत, दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी बांधकामावर, शेतात, बसस्टँडवर पडतं. कोकणात तर आकडा कमी दिसतो म्हणून कोणी घाबरत पण नाही, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर दुपारच्या मैदानातल्या कार्यक्रमात उष्माघाताने माणसं गेली, तेव्हा तिथला पारा चाळिशीलाही पोचला नव्हता.

आता शाळेचं बोलते कारण ते माझ्या डोळ्यासमोरचं आहे. उष्णतेची लाट जाहीर करायची तर मैदानी भागात निदान ४० लागतं, आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असावं लागतं (किनाऱ्याला ३७), नाहीतर पारा सरळ ४५ ला पोचावा लागतो. शास्त्र म्हणून ठीक आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण फेब्रुवारीच्या शेवटी ३८ असताना पत्र्याच्या वर्गात बसलेल्या पोराला त्या रेघेचा काय उपयोग? त्याचं अंग अजून उन्हाला सरावलेलं पण नसतं, सरावायला आठवडा दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीचं ऊनच जास्त बाधतं असं डॉक्टरपण सांगतात. आणि सकाळच्या शाळेचा आदेश येतो तो सगळ्या राज्याला एकदम, २०२५ ला आला तो मार्चच्या अगदी शेवटी. त्याच वर्षी पहिली ते नववीच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत ताणल्या तेव्हा अख्खा विदर्भ ओरडत होता.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. चंद्रपूर आणि देवगडच्या रेखांशात जवळजवळ ६ अंशांचा फरक आहे, म्हणजे २४ मिनिटं. घड्याळ एकच, पण सूर्य आमच्याकडे २४ मिनिटं आधी डोक्यावर येतो. किनाऱ्याकडे बसून ठरवलेली अकरा-साडेअकराची सुट्टी आमच्या पोरांना भर उन्हात रस्त्यावर आणते, आणि खेड्यातनं येणारी पोरं दोन-तीन किलोमीटर चालतात. जूनमध्ये विदर्भातल्या शाळा बाकी राज्यापेक्षा आठवडा-दोन आठवडे उशिरा उघडतात, म्हणजे इथलं ऊन वेगळं आहे हे सरकारला मान्य आहेच की! मग उन्हाळ्याच्या शेवटाला जे मान्य ते सुरुवातीला का नाही? जिल्ह्याने आपलं आपण ठरवावं, फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून, पारा बघून, वरच्या पत्राची वाट न बघता. माझी मागणी एवढी साधी आहे.

"पूर्वी पण ऊन होतंच की मॅडम" असं स्टाफरूममध्ये ऐकते मी दरवर्षी. होतं. मे मध्ये होतं. पण १९०१ पासूनच्या नोंदींमध्ये दिवसाच्या कमाल तापमानात देशाचा २०२२ चा मार्च सगळ्यात वरचा निघाला, आणि २०२३ चा फेब्रुवारी पण तसाच. म्हणजे आपल्या डोक्यात फेब्रुवारी म्हणजे अजून स्वेटर आणि बाहेर उन्हाळा लागलेला. कूलर एप्रिलात काढणारी मी पण त्यातलीच.

म्हणून यंदा दादाला आणि मला एकच काम सुचलं. त्याने जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायला घेतलंय, कुठल्या दिवशी वारं किती वाजता सुटलं, होडी गेली की नाही, झाडाखाली अंदाजे किती फळ पडलं. मी वर्गातल्या पोरांना घेऊन व्हरांड्याच्या सावलीत थर्मामीटर टांगलाय, रोज अकराला आणि सुटताना दोघं दोघं जाऊन वाचतात, वहीत लिहितात, आणि त्या दिवशी कोणाला चक्कर आली, कोण आलंच नाही ते पण लिहितात. दादाच्या कागदावर १५ फेब्रुवारीपासून आजपर्यंत होडी न गेलेले ११ दिवस आहेत. आमच्या वहीत काल सुटताना ३९ आहे, आणि खाली त्या सातवीच्या पोरीने आज शाळेत आल्यावर स्वतःच्या हाताने लिहिलंय, "काल मला चक्कर आली, आज बाटली आणली."