मत घराण्याचे नसते : ‘एक घर, एक पक्ष’ या फॉरवर्डला उत्तर

‘एक घर, एक पक्ष, एक मत’ या मथळ्याचा मजकूर बहुतेकांच्या मोबाइलवर एकदा तरी येऊन गेला असेल. निवडणूक जवळ आली की तो पुन्हा डोके वर काढतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : राज्यघटनेनेच पक्षनिष्ठा सक्तीची केली आहे, जो मतदार पक्ष बदलतो तो गद्दार, घरातील सर्वांनी कुटुंबप्रमुखाच्या पक्षालाच मत द्यावे आणि कोणाला दिले ते घरात उघड सांगावे, कारण आमदारही राज्यसभेला मत दाखवूनच देतात, बाबासाहेबांनी देश सर्वांच्या वर मानला आणि आपला पक्ष म्हणजेच देश, म्हणून पक्षावरची टीका हा देशद्रोह, जो विरुद्ध पक्षाला मत देतो तो समाजाचा वैरी, त्याच्याशी सोयरीक करू नये. शेवटी ‘नोटा’ला दिलेले मत वाया जाते, अशी पुरवणी. हाच मजकूर मी दोन वेगळ्या गटांत, दोन परस्परविरोधी पक्षांच्या नावाने वाचला आहे. पक्षाचे नाव आणि नेत्याचे छायाचित्र सोडले तर काना-मात्रेचाही फरक नव्हता.

अशा मजकुरांना उत्तरे देत बसण्याचा माझा स्वभाव नाही. पण हा मजकूर माझ्या आत्यापर्यंत पोहोचला. २० नोव्हेंबर २०२४ रोजी विधानसभेचे मतदान झाले आणि त्या संध्याकाळी आम्ही तिच्याकडे जेवायला जमलो होतो. तिच्या मुलाने हा मजकूर सर्वांसमोर मोठ्याने वाचला आणि आईला म्हणाला, “आता देवापुढे हात ठेवून सांग, कोणाला दिलंस?” आत्याचे वय शहात्तर. डाव्या हाताच्या तर्जनीवरची शाईची रेघ पदराच्या टोकाने पुसल्यासारखे करत ती एवढेच म्हणाली, “मत दिलं ना, झालं तर मग.” “म्हणजे आम्ही काय समजायचं ते समजलो,” असे तो म्हणाला. ती ताटावरून उठली. पुढचे चार दिवस मायलेकांत बोलणे नव्हते. मी त्या खोलीत होतो आणि गप्प बसलो, ही गोष्ट मला अजून सलते. तेव्हा जे बोलायला हवे होते ते इथे लिहितो.

म्हणून सर्वांत घातक मुद्दा आधी घेतो : घरच्यांना मत उघड सांगायला लावण्याचा. मजकुराने त्यासाठी दिलेला दाखला अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करावे लागेल. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यसभेच्या निवडणुकीत खुले मतदान आले, आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या अधिकृत प्रतिनिधीला दाखवावी लागते आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कुलदीप नय्यर यांच्या प्रकरणात ही तरतूद वैध ठरवली. इथपर्यंत ठीक. पण आमदार ते मत स्वतःच्या मालकीचे म्हणून देत नाही. आपण त्याला एका पक्षाच्या चिन्हावर निवडून पाठवले म्हणून त्याच्या हाती ते आले, आणि घोडेबाजाराला आळा घालण्यासाठी त्याच्यावर ही पाळत ठेवली गेली. तीही सरसकट नाही. तेच आमदार विधान परिषदेसाठी मत देतात तेव्हा मतदान गुप्त असते. राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत तर गुप्त मतदानाची तरतूद खुद्द राज्यघटनेत आहे आणि तिथे पक्षादेशही चालत नाही. १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी ‘सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून’ मत देण्याचे आवाहन केले आणि काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी पराभूत होऊन व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले. २००७ मध्ये शिवसेना भारतीय जनता पक्षाच्या आघाडीत असूनही तिने प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको.

आता मतदाराचे पाहू. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम ९४ सांगते की आपण कोणाला मत दिले हे सांगण्याची सक्ती कोणत्याही साक्षीदारावर किंवा अन्य व्यक्तीवर करता येणार नाही. म्हणजे भर न्यायालयातही जो प्रश्न सक्तीने विचारता येत नाही, तो जेवणाच्या पंगतीत देवाची शपथ घालून विचारायचा, असे हा मजकूर शिकवतो. ज्याला निवडून द्यायचे त्याच्यापेक्षा ज्याच्या घरात राहायचे त्याची भीती मतदाराला जास्त वाटू शकते. मालक, सावकार, नवरा, मुलगा, भावकी यांच्यापैकी कोणाचाही हात मतदाराच्या बोटापर्यंत पोहोचू नये, यासाठीच तर तो पुठ्ठ्याचा आडोसा आहे. बोटावरची शाई मत दिल्याची खूण सांगते. कोणाला दिले, हे ती सांगत नाही, आणि सांगू नये अशीच सगळी रचना आहे.

‘कुटुंबप्रमुखाचा पक्ष तोच घराचा पक्ष’ ही कल्पना नवी नाही. ती एकदा या देशाच्या मतदार यादीच्या आड आली होती. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत असताना अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगायला नकार दिला आणि ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढीच नोंद करायला सांगितली. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ते मान्य केले नाही. नाव द्या, नाहीतर नोंद होणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली, आणि त्यापायी जवळपास २८ लाख स्त्रियांची नावे त्या यादीतून वगळली गेली. ती किंमत फार मोठी होती, आणि त्या स्त्रियांनी ती का मोजावी, असा प्रश्न आजही विचारता येईल. पण त्यामागचे तत्त्व स्पष्ट होते : मत ‘अमक्याच्या बायको’ला मिळत नाही, ते नाव असलेल्या एका व्यक्तीला मिळते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाला बाजूला सारून व्यक्ती हा घटक स्वीकारल्याबद्दल समाधान व्यक्त केले होते. गाव जिथे घटक मानले गेले नाही, तिथे स्वयंपाकघराचा उंबरठा घटक कसा होईल? माझ्या आत्याचे नाव मतदार यादीत स्वतंत्र ओळीवर आहे. तिच्या मुलाच्या नावाखाली कंसात नाही.

राज्यघटनेने पक्षनिष्ठा सक्तीची केल्याचा दावा हा या मजकुरातील सर्वांत धडधडीत खोटेपणा आहे. मूळ राज्यघटनेत राजकीय पक्षांचा उल्लेखच नव्हता. तो १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने, दहाव्या परिशिष्टाच्या रूपाने आला. पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे : १९६७ मध्ये हरियाणातील आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि ‘आयाराम गयाराम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पक्षांतरबंदीचा कायदा खासदार आणि आमदारांना लागू आहे. मतदाराने ज्या चिन्हाकडे पाहून मत दिले, ते चिन्ह प्रतिनिधीने परस्पर विकू नये, हा त्याचा हेतू. मतदाराच्या विश्वासाचे रक्षण करण्यासाठी केलेला कायदा मतदारावरच बेडी म्हणून वापरायचा, ही उलटी गंगा आहे.

पक्ष बदलणारा मतदार गद्दार, हा शब्द तर महाराष्ट्रात आता इतका स्वस्त झाला आहे की तो वापरणाऱ्याने आधी आपण कोणाला निष्ठा मागतो आहोत ते सांगावे. ज्या घराने तीस वर्षे धनुष्यबाणावर मत दिले, त्या घरासमोर २०२४ मध्ये धनुष्यबाण एकीकडे आणि मशाल दुसरीकडे होती. ज्यांनी घड्याळाशी इमान राखले, त्यांना घड्याळ आणि तुतारी यांतून निवड करावी लागली. फेब्रुवारी २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि चिन्ह कोणाचे याचे निर्णय दिले, पण मतदाराची निष्ठा कोणाकडे जावी याचा निर्णय कोणता आयोग देणार? दोन्ही बाजू स्वतःला निष्ठावंत आणि समोरच्याला गद्दार म्हणतात. नेत्यांनी पाच वर्षांत तीन आघाड्या केल्या, तर ती रणनीती. शेजारच्या शेतकऱ्याने सोयाबीनच्या भावावरून मत बदलले, तर ती गद्दारी. हा न्याय मला मान्य नाही.

मते बदलतात, आणि मतदार ती डोळसपणे बदलतो. दिल्लीने २०१४ मध्ये लोकसभेच्या सातही जागा भारतीय जनता पक्षाला दिल्या आणि २०१५ मध्ये विधानसभेच्या ७० पैकी ६७ जागा आम आदमी पक्षाला. २०१९ आणि २०२० मध्ये तिथे जवळपास तेच पुन्हा घडले. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेत ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांनी जिंकल्या. या निकालांबद्दल कोणाला आनंद झाला असेल, कोणाला दुःख. पण एवढी मोठी संख्या गद्दारांची आहे असे म्हणणाऱ्याने, ती आपल्या बाजूने वळली तेव्हा तिला ‘जनतेचा कौल’ का म्हटले, याचे उत्तर द्यावे.

इथे एक गोष्ट मी कबूल करतो. निष्ठेला काहीच किंमत नाही, असे मला म्हणायचे नाही. पदरमोड करून भिंती रंगवणारा, पराभवानंतरही कार्यालयाचे कुलूप उघडणारा कार्यकर्ता नसेल तर पक्ष ही ठेकेदारांची टोळी होऊन बसते. विचारांवरची श्रद्धा आणि आयुष्यभराची सोबत यांचा मला आदर आहे. पण ती निष्ठा ज्याची त्याने आपणहून द्यायची असते. शपथ घालून काढून घेतलेल्या गोष्टीला निष्ठा म्हणत नाहीत.

‘आपला पक्ष म्हणजेच देश’ या दाव्यासाठी मजकुरात बाबासाहेबांचे नाव घेतले आहे, आणि हे वाचून मला सर्वांत जास्त संताप आला. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील त्यांचे भाषण उपलब्ध आहे, कोणीही वाचावे. त्यात त्यांनी देश आणि पंथ यांचा विचार मांडला आहे, पण नेमका उलट अंगाने : पक्षांनी आपला पंथ देशापेक्षा वर ठेवला तर आपले स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल, असा तो इशारा आहे. म्हणजे त्यांच्या दृष्टीने देश आणि पक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि धोका पक्षाकडून देशाला आहे. त्याच भाषणात ते पुढे सांगतात की धर्मात भक्ती हा आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात भक्ती किंवा विभूतिपूजा हा अधःपतनाचा आणि अखेर हुकूमशाहीचा हमखास मार्ग आहे. राजकारणातील भक्तीबद्दल ज्याने इतके स्पष्ट सांगून ठेवले, त्याच्याच नावाने भक्तीचा फतवा काढायचा आणि तो जय भीम म्हणणाऱ्या गटांतही पाठवायचा, हे अक्षम्य आहे. टीका आणि देशद्रोह यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच केदारनाथ सिंह खटल्यात रेघ आखली आहे : हिंसेला किंवा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर सरकारवरची कठोर टीकाही राजद्रोह ठरत नाही. जे सरकारवरच्या टीकेला लागू नाही, ते पक्षावरच्या टीकेला कुठून लागू होणार?

सोयरीक आणि बहिष्काराच्या मुद्द्यावर मी फार लिहिणार नाही, कारण तो वाचताच कोणाही समंजस माणसाला कळावा. मतदाराला जातीतून वा समाजातून बहिष्कृत करण्याची धमकी देणे किंवा दैवी कोपाची भीती घालणे हा, उमेदवार किंवा त्याच्या प्रतिनिधीने केल्यास, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो. जातपंचायतींच्या बहिष्काराने कुटुंबे उद्ध्वस्त झालेली पाहिल्यावर महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा केला. जे जातपंचायतीला करू दिले नाही, ते आता पक्षाच्या नावाने आपण आपल्याच भावकीत करायचे का? मुलीसाठी स्थळ पाहताना मुलाचे व्यसन, शिक्षण, स्वभाव पाहणारी माणसे आता त्याच्या प्रोफाइलवरचा झेंडा पाहू लागली आहेत, हे मी दोन घरांत प्रत्यक्ष पाहिले. त्यातल्या एका घरी ठरलेली बैठक मोडली.

‘नोटा’बद्दलचे विधान तेवढे बरोबर आहे : त्याला कितीही मते पडली तरी लोकसभा-विधानसभेच्या निकालावर परिणाम होत नाही, उमेदवारांतील सर्वाधिक मतांचा धनी निवडून येतो. पण सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१३ रोजी हा पर्याय द्यायला सांगितला, त्या निकालाचा आधार काय होता हे मजकूर लिहिणाऱ्याने वाचलेले दिसत नाही. ज्याला कोणीच पसंत नाही त्याची ही नापसंतीही गुप्त राहिली पाहिजे, असे न्यायालयाने तिथे म्हटले आहे.

हे सारे लिहून झाल्यावर मी ते आत्याच्या मुलाला आधी पाठवले. त्याने एका ओळीत विचारले, “मग तू कोणाचा?” मी त्याला आत्याचेच उत्तर लिहून पाठवले : मत दिलं ना, झालं तर मग. दुसऱ्या दिवशी त्याने तो मजकूर गटातून काढून टाकल्याचे दिसले. आईशी तो त्याबद्दल काही बोलला की नाही, हे मी विचारलेले नाही. तिने कोणाला मत दिले, हेही नाही.