‘निम्म्याहून जास्त जिंकल्याशिवाय इन्फिनिट नाही’ हे साफ चूक आहे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या कॉलेजच्या पोरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर मार्व्हल स्नॅप या मोबाइलवरच्या कार्डांच्या खेळाबद्दल एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रँक 100, म्हणजे इन्फिनिट गाठायचं तर निम्म्याहून जास्त सामने जिंकलेच पाहिजेत, मधूनच रिट्रीट करणारा, म्हणजे सामना सोडणारा, भित्रा, पैसे घालणाऱ्याचीच कार्डं भारी, आणि शेवटी सगळं नशीब, म्हणजे जुगारच. चांगली खेळणारी पोरं हे वाचून हात टेकतात, म्हणून उत्तर द्यायला हवं.

पहिला मुद्दाच सगळ्यात चुकीचा आहे. या खेळात रँक विजयांवर चढत नाही, क्यूबवर चढते; क्यूब म्हणजे सामन्यावर लागलेले गुण, जिंकलात तर मिळतात, हरलात तर जातात. सामना 1 क्यूबने सुरू होतो. कुणीच स्नॅप केलं नाही, म्हणजे बोली दुप्पट केली नाही, तरी शेवटच्या टर्नला तो आपोआप दुप्पट होतो, म्हणजे 2. एकाने स्नॅप केलं तर 4, दोघांनी केलं तर 8. आणि समोरच्याने स्नॅप केलं त्याच टर्नला तुम्ही बाहेर पडलात, तर वाढलेली बोली तुम्हाला लागतच नाही. आता हिशेब करा. एकजण 10 पैकी 6 सामने हरतो, पण सहाही वेळा वेळेवर निघतो: गेले 6 क्यूब. उरलेले 4 जिंकतो, त्यातले दोन 4-4 चे, दोन 2-2 चे: आले 12. म्हणजे 6 क्यूब वर. दुसरा 10 पैकी 6 जिंकतो, प्रत्येकी 2 क्यूबने, म्हणजे 12. पण हरलेल्या चारही सामन्यांत समोरच्याचा स्नॅप बघूनही हट्टाने थांबतो आणि 4-4 असे 16 घालवतो. जास्त जिंकूनही तो 4 क्यूब खाली. मेसेज लिहिणाऱ्याने हा हिशेब एकदा कागदावर मांडला असता तरी पुरे होतं.

‘भित्रा’ या शब्दाचा मला खरंच राग येतो. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती बघत वाढलेल्या गावात पाठ दाखवणं कमीपणाचं वाटतं, ते मी समजू शकतो. पण आखाड्यात कुस्ती मधेच सोडायला जागा नसते, इथे रिट्रीटचं बटण खेळाच्या नियमातच दिलंय. कधी वापरायचं ते कार्डं मोजून ठरतं. डेकमध्ये 12 कार्डं, प्रत्येक वेगळं. सुरुवातीला हातात 3, मग दर टर्नला 1. पाचव्या टर्नपर्यंत 8 कार्डं दिसलेली असतात, 4 राहिलेली असतात. ज्या कार्डावर तुमचा सगळा बेत उभा आहे ते तोवर आलं नसेल, तर सहाव्या टर्नला ते येण्याची शक्यता चारात एक. एवढ्याशा आशेवर 4 किंवा 8 क्यूब लावणं ही हिंमत नव्हे.

यातच नशिबाच्या मुद्द्याचंही अर्धं उत्तर आलं. पत्ते कसे पडतील ते नशीब, हे खरंच. दोन ठरावीक कार्डं सहा टर्नांत मिळून हातात येण्याची शक्यता जेमतेम 54-55 टक्के आहे. लोकेशनं, म्हणजे कार्डं मांडायच्या जागाही तीन, पहिल्या तीन टर्नांत एकेक उघडणारी. त्यात लिंबो नावाचं लोकेशन आलं तर एरवी सहा टर्नांचा सामना सातव्या टर्नपर्यंत जातो आणि शेवटच्या टर्नसाठी राखलेला बेत पुन्हा मांडावा लागतो. पण हे सगळं दोघांनाही सारखंच आहे. जो आघाडीवर असतो त्याची कार्डं आधी उघडतात, हे माहीत असलेला खेळाडू मोठी कार्डं उडवणारं शांग-ची हे कार्ड हातात असताना मुद्दाम थोडं मागे राहतो, म्हणजे समोरच्याचं मोठं कार्ड आधी उघडतं आणि शांग-ची ते उडवतो. याला नशीब कसं म्हणायचं?

पैशांचा समज बहुधा क्लॅश रॉयल या दुसऱ्या मोबाइल खेळावरून आलाय. तिथे कार्डाची लेव्हल वाढली की त्याचा मारा आणि जीव दोन्ही वाढतात. मार्व्हल स्नॅपमध्ये कार्ड अपग्रेड केलं की फक्त त्याचं रूप बदलतं, चौकट फुटते, चित्र हलायला लागतं. ताकद तीच राहते. पैसे घालणाऱ्याला नवी कार्डं लवकर मिळतात, डेकमध्ये विविधता येते, हे मान्य. पण का-झार आणि ब्लू मार्व्हल ही आपल्या इतर कार्डांची ताकद वाढवणारी, पहिल्या संचातली कार्डं आहेत, आणि स्वस्त कार्डांची फौज घेऊन त्यांच्यावर नीट रँक चढता येते.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याकडे खरोखर क्यूब खाते: रेंज. जांबोटीच्या पुढे घाटाकडे जाताना रेंज गेली की सामना थांबत नाही, टर्नची वेळ निघून जाते. त्या रस्त्यावर रँकचा सामना लावू नका.

राहिला जुगार. क्यूबचे पैसे होत नाहीत, कुणाला देता येत नाहीत, काढता येत नाहीत. केंद्राने 2025 मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायचे खेळ एका बाजूला आणि ई-स्पोर्ट्स व सोशल गेम दुसऱ्या बाजूला, अशी स्पष्ट वेगळी वर्गवारी आहे. बंदी पहिल्यांवर आहे. घरच्यांना काळजी वाटत असेल तर ती सीझन पासच्या खरेदीची असू द्या. बाबांच्या फोनवर खेळत असाल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, आणि तो त्यांनाच ठरवू द्या.