वायफाय लागत नाही

विंडोजऐवजी लिनक्स घातलेल्या डेस्कटॉपवर ‘वायफाय लागत नाही’ ही तक्रार जितकी खरी, तितकीच निरुपयोगी. कार्ड दिसत नाही. दिसतं पण चालत नाही. चालतं पण नेटवर्क सापडत नाही. सापडतं पण जोडलं की तुटतं. हे चार निराळे रोग, आणि गोव्यात चारांवर औषध एकच: राउटर बंद करून चालू करा. शेजारी हेच सांगतो, केबलवाला हेच सांगतो. लिनक्सचं नाव काढलं की दोघंही एका सुरात, “विंडोज घाल मरे!”

माझं म्हणणं इतकंच की ज्या राउटरवर घरातले सगळे फोन सुखाने नांदताहेत, त्याला हात लावू नये. कुठे दुखतंय ते संगणक स्वतःच लिहून ठेवतो. आपण वाचत नाही.

आधी कार्डाची ओळख. आत बसवलेलं कार्ड असेल तर टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’, यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’. डोंगलच्या खोक्यावरचं नाव वाचून ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, शोधायला निघणाऱ्याची मला दया येते. खोकं तेच, मॉडेल तेच, पण ‘व्हर्जन २’च्या पोटात भलतीच चिप. खरी ओळख ‘एलएसयूएसबी’ने दाखवलेल्या चार-चार अक्षरांच्या दोन तुकड्यांत असते: पहिला ‘०बीडीए’ असेल तर रिअलटेक कंपनी, दुसरा नेमकी चिप सांगतो. शोधायचं ते हेच.

त्यातून ‘०बीडीए:१ए२बी’ दिसलं तर मजाच. हे डोंगल पोटात विंडोजचे ड्रायव्हर घेऊन आलेलं असतं आणि आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगतं. जत्रेच्या नाटकात पहिल्या प्रवेशात द्वारपाल आणि दुसऱ्यात राजा होणाऱ्या हौशी नटासारखं त्याला आधी विंगेत पाठवावं लागतं. ते काम ‘यूएसबी मोडस्विच’ हे पॅकेज करतं. नाहीतर फाइल मॅनेजरमध्ये ती सीडी ‘इजेक्ट’ करावी, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

मग ड्रायव्हर. रिअलटेकच्या ८८२१सीयू, ८८२२बीयू यांसारख्या यूएसबी चिपांचा ड्रायव्हर लिनक्सच्या ६.२ कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) आतच येतो, म्हणून इकडचा तिकडचा कोड उतरवण्याआधी ‘युनेम -आर’ करून आपला कर्नल कितवा ते बघावं. जुना असेल तर नवा घ्यावा. बाहेरचा ड्रायव्हर घातलात तर तो ‘डीकेएमएस’मार्फतच घाला, म्हणजे दर नव्या कर्नलसाठी तो आपोआप पुन्हा बांधला जातो, आणि कर्नलचे हेडर बसवायला विसरू नका. नाहीतर पुढच्या अपडेटनंतर वायफाय गायब, आणि खापर पुन्हा राउटरवर.

सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारा संगणकाचा पहारा, चालू असेल तर अजून गंमत. ड्रायव्हर बांधला जातो, बसवला जातो आणि दारातच अडवला जातो: ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. यावर उपाय म्हणजे संगणक पुन्हा सुरू केल्यावर येणारा निळा पडदा. त्यावर ‘एनरोल एमओके’ (आपली स्वतःची सही नोंदवणं) निवडून, बसवताना ठरवलेला पासवर्ड द्यायचा. पडदा दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात चहा आणायला गेलात तर सगळं पहिल्यापासून.

हे सगळं उतरवायला इंटरनेट लागतं, जे नाही म्हणूनच हा उपद्व्याप! इथे फोन कामाला येतो. केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. अँड्रॉइड फोनला लिनक्सवर सहसा वेगळा ड्रायव्हर लागत नाही, आणि फोन घरच्या वायफायवर असेल तर मोबाइल डेटाही जळत नाही.

कार्ड दिसतं पण गप्प आहे? ‘डीमेसेज’ या कर्नलच्या रोजनिशीत फर्मवेअरची, म्हणजे कार्डात भरायच्या प्रोग्रामची, ओळ शोधा. शेवटी ‘-२’ असेल तर त्याचा अर्थ सरळ आहे: फाइलच सापडली नाही. डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच असतं. त्याआधी ते वेगळं आणावं लागे. विंडोज शेजारी नांदत असेल तर तिथलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते संगणक पूर्ण बंद होऊ देत नाही आणि कार्ड अर्धवट झोपेत लिनक्सच्या हाती येतं.

फोनला नेटवर्क दिसतं, संगणकाला नाही, असं असेल तर राउटर १२ किंवा १३ व्या चॅनेलवर गेला असेल, जे काही कार्डं ऐकतच नाहीत. एवढ्यापुरता राउटरला हात लावा आणि तो १, ६ किंवा ११ वर आणा. जोडलं की तुटत असेल तर नेटवर्क मॅनेजरच्या सेटिंगमध्ये ‘वायफाय.पॉवरसेव्ह’ची, म्हणजे वीज वाचवायला कार्ड झोपवणाऱ्या सोयीची, किंमत ३ ची २ करा. इथे ३ म्हणजे चालू आणि २ म्हणजे बंद. हे कुणाच्या डोक्यातून निघालं ते विचारू नये.

सॉफ्टवेअरचं पुरे. सीपीयूच्या मागे दोन सोनेरी आटे दिसतात, अँटेना तिथे लागतात; पुष्कळ घरांत त्या मदरबोर्डच्या खोक्यातच सुखरूप असतात. डोंगल निळ्या यूएसबी ३ पोर्टात हार्ड डिस्कला खेटून लावू नये. त्या पोर्टाचा गोंगाट वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झमध्येच पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवलंय. मीटरभर एक्स्टेन्शन केबल घेऊन डोंगल टेबलावर आणा.

एवढं करूनही ‘आयडब्ल्यू’ ही आज्ञा सिग्नल उणे ८०, म्हणजे अगदी क्षीण, दाखवत असेल तर दोष चिऱ्याचा. जुन्या घराची हातभर जाडीची चिऱ्याची भिंत, त्यात जुलैत ती पाणी पिऊन बसलेली. तिच्यापुढे ५ गिगाहर्ट्झ हात टेकतं, २.४ कसंबसं पोचतं. डेस्कटॉप काही फिरायला जात नाही, तेव्हा मे महिन्यात कौलं परतायला माणूस येईल तेव्हाच माळ्यावरून कॅट-६ केबल ओढून घ्यावी. १०० मीटरपर्यंत काही बिघडत नाही. वर चढलेला माणूस तेवढं विचारणारच, “वायफाय आसा तर वायर कित्याक?”