“काळी बाहुली पाठवली” या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई नमस्कार, तुम्ही दोन स्टार दिलेत आणि लिहिलंय की लेकीच्या वाढदिवसाला साडेसहाशेची बाहुली मागवली तर ओढणीची कवडी सुटली आणि धाकट्याने तोंडात घातली, रंग फोटोपेक्षा काळा निघाला, कामवाली बाई वाटते, मुलांना जग दाखवायचं तर असलं कशाला, गोरी पाठवायची. दुकान माझंच आहे म्हणून मीच लिहायलेय, जरा लांबेल.

आधी कवडीचं. चूक आमची, शंभर टक्के. ही बाहुली बंजारा तांड्यावरची आहे, तिथल्या बायकांच्या कपड्यांना कवड्या आणि आरसे असतात म्हणून आम्ही पण खरेच लावायचो, पण घरात मोठ्या लेकराचं खेळणं धाकट्याच्या हातात जाणारच, हे मला दोन लेकरांच्या आईला कळायला पाहिजे होतं. पेजवर “तीन वर्षांपुढे” लिहिलंय पण डब्यावर नाही लिहिलं, आणि गिफ्ट घेणारा माणूस पेज कुठं वाचत बसतो. तुमचा रिव्ह्यू वाचला त्याच दिवशी शिल्लक मालाच्या कवड्या-आरसे काढले, आता तिथं दोऱ्यानेच कवडी भरतो. तुमच्याकडची ओढणी आजच काढून वर ठेवा. धाकटा बरा आहे ना, तेवढं कळवा.

फोटोचं पण बरोबर आहे तुमचं. भर दुपारी गच्चीवर काढला होता, उन्हात सगळंच उजळ दिसतं. बदललाय. बाहुलीचा रंग मात्र नाही बदलणार, तो मुद्दाम ठेवलेला आहे.

आपल्या लातूरच्या गंजगोलाई बाजाराला सोळा रस्ते येऊन मिळतात, तिथं रविवारी तासभर उभं राहा, लुगडं, बुरखा, फेटिया म्हणजे बंजारा घागरा, जीन्स, पटका बांधलेलं नांदेडकडचं शीख पोरगं, सगळं दिसतं, आणि तिथून खेळण्याच्या दुकानात शिरलं की सगळ्या बाहुल्या एकाच कारखान्यातल्या बहिणी, पिवळे केस निळे डोळे. मला त्याचाच राग यायचा म्हणून हे दुकान काढलं, नाहीतर माझं साड्यांचं चांगलं चाललं होतं.

आणि लेकरू एवढा विचार करत नाही असं म्हणू नका. अमेरिकेत १९४०च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या नवरा-बायकोने, दोघंही मानसशास्त्रज्ञ, तीन ते सात वर्षांच्या काळ्या लेकरांपुढं बाहुल्या ठेवल्या, बाकी सगळं सारखं फक्त रंग वेगळा, आणि विचारलं चांगली कोणती, वाईट कोणती. बहुतेकांनी गोरी चांगली म्हणलं. मग विचारलं की तुझ्यासारखी कोणती, तर काही लेकरं रडायला लागली. शाळेत काळे-गोरे वेगळे बसवायचे नाहीत हा तिथल्या सुप्रीम कोर्टाचा १९५४चा निकाल, त्यात या कामाचा उल्लेख आहे. बार्बी आली १९५९ला आणि काळ्या बाहुलीला बार्बी हे नाव मिळायला १९८० उजाडलं. आपल्याकडं असं कोणी विचारत नाही असं नाही, आपण तर रोज विचारतो. मला बघायला आले तेव्हा “सावळी आहे पण नाकीडोळी नीटस” म्हणलेलं मी चहाचा ट्रे हातात घेऊन ऐकलंय. त्या “पण”चं काय करायचं सांगा.

“कामवाली”चं मात्र मला लागलं, खोटं कशाला बोलू. ती बाहुली ज्या मावशी शिवतात त्या स्वतः तांड्यावरच्या आहेत, फेटिया आणि कांचळी म्हणजे चोळी, यांची कापणी त्यांच्या आईच्या कपड्यावरून घेतलेली. रिव्ह्यू त्यांना वाचून दाखवायचा नव्हता, पोराने दाखवला. त्या दोरा तोडत म्हणल्या, “ताईला म्हणावं ती कामाला नाही चालली, बाजाराला निघालीय, मग मी हातात पिशवी कशाला दिली?” खरंच आहे ती पिशवी, करंगळीएवढी, आत जोंधळ्याचे दाणे शिवलेत, हलवलं की वाजते. तुम्ही बघितली का नाही माहीत नाही.

जग दाखवायचं म्हणलात ते मात्र पटलं. दिल्लीत व्यंगचित्रकार शंकर यांनी १९६५ला सुरू केलेलं बाहुल्यांचं संग्रहालय आहे, ऐंशीच्या वर देशांच्या बाहुल्या आहेत तिथं, सुरुवात झाली हंगेरीच्या एका बाहुलीपासून. मी गेले तेव्हा माझी लेक जपानी बाहुलीपुढून हलेना, आणि आपल्याकडच्या नववारीवालीपुढं आली तर जोरात ओरडली, “आजी!” सगळे वळून बघायलेत. जगात आपला तांडा पण आला ना ताई.

गोरी बाहुली फेकून द्या असं मी म्हणत नाही, असू द्या, दोघींचं भातुकलीत जमतंय का बघा. दुकानात पोरी आल्या की मी काही सांगत नाही, सगळ्या खाली मांडते आणि गप बसते. मागच्या महिन्यात एक पाचेक वर्षांची आली, गोरी घेतली, ठेवली, मग आमच्या सावळीची वेणी सोडून परत घातली आणि आईला म्हणली ही आत्यासारखी हसते. आईने गोरीच घेतली. चालायचंच.

तुमचे पैसे परत करायलेय, बाहुली परत द्या असं पण म्हणत नाही. परत द्यायचीच असली तर गुरुवारी आमचा पोरगा त्या बाजूला येणार आहे, फोन करून येईल. नसेल द्यायची तर त्याच्याच हाती बिनकवडीची ओढणी पाठवते, लाल हवी का हिरवी हे लेकीला विचारून सांगा.