मान वळत नाही का?

"नर पाहिजे की मादी?"

हा प्रश्न मला काल भर दुकानात, मागे पाच माणसं उभी असताना विचारला गेला. मी खरं तेच सांगितलं, "दोन्ही." मागची पाचही माणसं हसली. दुकानदार तेवढा हसला नाही. त्याने फक्त चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

काम म्हटलं तर साधं होतं. गाडीला रिव्हर्स कॅमेरा बसवायचा. रिव्हर्स गिअर पडला की कॅमेऱ्याला वीज हवी, आणि ती मागच्या दिव्यापाशी आयती येते. तिथून थोडी उचलायची, बस. फक्त कंपनीची वायर कापायची नाही, असं मी ठरवलं होतं. (असलं काहीतरी माणूस रविवारी सकाळीच ठरवतो.) मग दिवा आणि गाडीची वायर यांच्या मधोमध बसेल असा एक तुकडा बनवायला हवा. एका टोकाचा कपलर (वायरी जोडायचा प्लास्टिकचा ठोकळा) दिव्यात शिरणारा, दुसऱ्या टोकाच्या कपलरमध्ये गाडीचा कपलर शिरणारा. म्हणून दोन्ही. यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

त्यातून नर-मादीचा हिशेब इथे सरळ नसतोच. वीज जिकडून येते त्या बाजूला सहसा पोकळ टर्मिनल (वायरीच्या टोकाचा धातूचा तुकडा) ठेवतात, म्हणजे मादी. कारण उघडी पिन ठेवली आणि ती कुठे पत्र्याला टेकली, तर फ्यूज गेलाच. पण ही मादी ज्या प्लास्टिकच्या घरात राहते ते घर समोरच्याच्या घरात शिरतं, म्हणजे बाहेरून बघणाऱ्याला नर. दुकानदार टर्मिनलकडे बघून बोलतो, मी घराकडे बघून बोलतो. दोघंही बरोबर असतो, आणि चुकीचा माल मी घरी आणतो.

काल ते टाळायचं म्हणून नमुन्यादाखल मागचा अख्खा दिवाच काढून पिशवीत घालून नेला होता. दुकानदाराने तो उलटा-सुलटा केला, "ह्याचा सुटा येत नाही, पूर्ण वायरिंग घ्यावं लागेल" असं म्हणाला आणि तरी माझी दया येऊन कपलरांचा एक डबा काउंटरवर पालथा केला. "बघा ह्यात."

इथे मागच्या पाचांतले एक काका पुढे सरकले.

काका एक बल्ब घ्यायला आले होते. बल्ब मिळाला होता, पैसे देऊन झाले होते, सुटेही परत घेतले होते. तरी थांबले होते.

"कॅमेरा कशाला?"

"मागचं दिसावं म्हणून."

"मान वळत नाही का?"

"वळते."

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. तरी मी दिलं. "बंपरच्या खालचं मान वळवून दिसत नाही, काका."

"खाली काय असतं?"

"एखादा खांब असतो. बुटका."

"लागलाय कधी?"

मी डब्यातले कपलर चाळू लागलो.

"लागलाय," काकांनी मागच्या चौघांना जाहीर केलं. "आणि एवढ्यासाठी कपलर? वायर सोलायची, पीळ मारायचा, टेप गुंडाळायची. आमच्या गाडीत अठरा वर्षं तसंच आहे."

"पीळ हादऱ्यांनी सैल होतो, काका. सांधा तापतो. टेपचा गोंद उन्हाने पाघळतो."

"बल्ब केवढा?"

"२१ वॅट."

"२१ वॅटने काय तापतंय?"

मी मनात भागाकार केला. २१ भागिले १२ व्होल्ट, म्हणजे १.७५ अँपियर. आणि कॅमेरा तर त्याहून कितीतरी कमी खातो. काका फारसे चुकत नव्हते. म्हणून मी काहीच बोललो नाही, आणि तीच चूक झाली. काकांना वाटलं, पोरगं ऐकतंय. त्यांनी डब्यातला एक कपलर उचलला, दुसऱ्या हातात माझा दिवा घेतला आणि जोर लावला.

"ताई ठो..." असलं काहीतरी माझ्या तोंडून निघालं. मला 'थांबा' म्हणायचं होतं.

कट्.

"बसला बघ!" काका म्हणाले.

बसणारच. चुकीचा कपलर बसू नये म्हणून कंपनीने आत जी बारीकशी कड ठेवलेली असते ती तुटली होती, आणि जाता जाता ज्यात खटका अडकतो तो दातही गेला होता. आता त्या दिव्यात काहीही बसलं असतं. काकांनी बल्ब खिशात घातला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि एक काम मार्गी लागल्यासारखे निघून गेले. मागचे चौघं त्यांच्याकडे आदराने बघत होते!

मुळात दोष काकांचा नाही. (हे मी रात्री अकरा वाजता म्हणतोय. सकाळी पुन्हा त्यांचाच वाटेल.) या कपलरला नाव का नसतं? मागच्या आठवड्यात मी भिंग घेऊन त्यावरची बारीक अक्षरं वाचली होती, 'पीबीटी'. दोन संध्याकाळी पीबीटीचा कपलर शोधला. मग कळलं, पीबीटी हे प्लास्टिकचं नाव. उद्या बेपत्ता माणसाच्या वर्णनात 'हाडामांसाचा' लिहाल का?

नंबर सापडला तरी सुटका नाही. घराचा नंबर वेगळा, टर्मिनलचा वेगळा, पाणी अडवणाऱ्या रबराचा वेगळा, आतल्या दुसऱ्या कुलपाचा वेगळा. टर्मिनल २.३ मिलिमीटरचं की २.८, हे डोळ्यांना सारखंच दिसतं, पिनला मात्र दिसत नाही. ती टर्मिनल हजारांच्या रिळावर येतात. मला हव्यात बारा. आणि ती दाबायची पक्कड निराळी, बाकी सगळ्या सामानाहून महाग. रेडिओसाठी म्हणे आयएसओ १०४८७ नावाचं एक प्रमाण केलं, आठ-आठ पिनांचे दोन ठोकळे, सगळ्यांना सारखे. तिथेही काही गाड्यांत कायमच्या विजेची आणि चावीच्या विजेची पिन अदलाबदल केलेली. चावी काढली की रेडिओ सगळी स्टेशनं विसरतो. एकदा तरी सरळ वागा की!

सध्या दिव्याचा कपलर मी केबल टायने आवळून ठेवलाय. खड्डा आला की दिवा जातो, पुढच्या खड्ड्याला येतो. काल रात्री मागवलेल्या सामानाची पोच आलीय. घरं निघालीत, टर्मिनलं 'उपलब्ध होताच' पाठवणार आहेत.

तोवर कॅमेरा खोक्यातच. आज सकाळी गाडी मागे घेताना मान वळवून बघत होतो, ती उजवीकडेच आखडली.