नटाला पगार नको, शाल द्या

मंदी आली की ओळखीतला एखादा नट हमखास भेटतो आणि विचारतो, "काही काम आहे का?" गडबडून जाऊ नका. त्याला शाल द्या.

शालीसारखी सोय नाही. एकदा खांद्यावर टाकली, फोटो निघाला की विषय मिटला. पुढच्या महिन्याचं काय, हे कुणी विचारत नाही. सोबत नारळ असतोच. त्याची चटणी होते, म्हणजे कलावंताच्या घरी चूल पेटवल्याचं पुण्यही आपल्याच पदरात. माझ्याकडे अशा सात शाली आहेत. एकीवर दुकानाची चिठ्ठी अजून टाचलेली आहे. किंमत पेनाने खोडलीय, पण उजेडात धरली की २१० दिसतात. नाशिकच्या थंडीत पांघरतो मी त्या, खोटं कशाला बोलू?

पगार मात्र चुकूनही देऊ नका. १९३५ साली अमेरिकेने ती चूक केली. महामंदीत बेकारांना रस्ते-पुलांच्या कामावर लावत असताना तिथल्या सरकारला वाटलं, नटालाही पोट असतं. झालं, फेडरल थिएटर प्रोजेक्ट निघाला. कॉलेजात नाटक शिकवणाऱ्या हॅली फ्लॅनगन यांच्या हाती तो दिला. न्यूयॉर्कात आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट मिळू लागले, आणि तेही नुसत्या नटांना नव्हे. नेपथ्याच्या सुताराला, कपडे शिवणाऱ्यालासुद्धा! ऐन भरात बारा हजारांवर माणसं कामाला होती.

मग व्हायचं तेच झालं. लोक नाटकाला येऊ लागले. कित्येक प्रयोग फुकट, त्यामुळे ज्यांनी जन्मात पडदा उघडताना पाहिला नव्हता तेही. पोट भरलेला नट बोलायला लागतो हा दुसरा धोका. घरांची टंचाई, विजेचे दर असल्या विषयांवर ते नाटकं करू लागले. १९३७ मध्ये पोलाद कामगारांवरचं एक संगीत नाटक ऐन वेळी अडवलं, थिएटरला पहारा बसवला. तर ही मंडळी प्रेक्षकांसकट एकवीस चौक चालत दुसऱ्या थिएटरात गेली (आपल्याकडे नाशिकला कालिदास कलामंदिरापासून पंचवटी कारंजा धरा). रंगमंचावर चढायची मनाई होती, म्हणून नट प्रेक्षकांतल्या खुर्च्यांतूनच उभे राहून बोलले.

शेवटी चौकशी लागली. १९३८ च्या डिसेंबरात एका खासदाराने फ्लॅनगनबाईंना विचारलं, हा मार्लो कम्युनिस्ट आहे का? मार्लो म्हणजे जुना इंग्रज नाटककार, १५९३ मध्येच वारला होता. हसू नका. आपल्या शालिमारला कालिदासाच्या नावाचं अख्खं कलामंदिर उभं आहे. तो कोणत्या पक्षाचा होता, हे आजवर कुणी तपासलेलं नाही. ३० जून १९३९ ला अमेरिकेने दुकान बंद केलं.

आपलं सरकार मुळात शहाणं. दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा घेतं आणि नावातच 'हौशी' घालून ठेवतं. हौसेला मोल नसतं, मग मजुरी कुठून असेल? रोजगार हमी याच महाराष्ट्रात जन्मली, दुष्काळात हजारो हातांनी खडी फोडली. खडी मोजता येते. तिसरी घंटा झाल्यावर विंगेत उभ्या असलेल्या पोराच्या छातीतली धडधड कोणत्या हजेरीपटावर लिहिणार?

२०२० च्या मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली. आमच्या ग्रुपचा लाइटवाला पुढे सिडकोत भाजीची गाडी लावू लागला. त्याने बल्बला नाटकाच्या दिव्यांना लावतात ते जुनं लाल जिलेटिन गुंडाळलं होतं. त्याखाली टोमॅटो असे दिसत की बाया थांबायच्याच. घरी जाऊन पाहावं तर निम्मे हिरवट. आम्ही सगळ्यांनी त्याच्यावर फेसबुकवर भरभरून लिहिलं. कोथिंबिरीचे पाच रुपये मात्र कमी करून घेतले.

गेल्या वर्षी त्याचा सत्कारही केला. शाल माझ्याच कपाटातली, चिठ्ठी काढायची तेवढी राहिली. टाळ्या चालू असतानाच त्याने ती चिठ्ठी वरच्या स्पॉटसमोर धरली आणि माझ्याकडे बघून हसला. लाइटवालाच तो.